ओपीडीत विद्यार्थी हवेत, पण थेरपीसाठी नव्हे

नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम लागू झाल्यापासून महाविद्यालयांपुढे एक प्रश्न दर वर्षी येतो: ऑन-जॉब ट्रेनिंगसाठी मुलांना पाठवायचं कुठं? चार क्रेडिट, एका क्रेडिटचे ३० तास, म्हणजे १२० तास काम केल्याचा दाखला लागतो. मग मानसशास्त्र, समाजकार्य, बालविकास या विभागांची पत्रं सरकारी आणि पालिका रुग्णालयांकडे जायला लागतात. तिथे बालविकास ओपीडीत, मानसोपचार विभागात आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ऑटिझम (स्वमग्नता) असलेली मुलं आणि त्यांचे पालक तासन्‌तास बसलेले असतात. त्यांच्याशी दहा मिनिटं निवांत बोलायला कुणालाही सवड नसते. गरज दोन्हीकडे खरी आहे, म्हणून जोडणी चटकन होते आणि चटकन बिघडते. विद्यार्थी थेट थेरपीच्या खोलीत बसवले जातात, चार आठवडे मुलांसोबत ठोकळे रचतात, २ एप्रिलला, ऑटिझम जागृती दिनी, एक भित्तिपत्रक लावतात, सही-शिक्का घेतात आणि जातात. पालकांच्या हाती काहीच उरत नाही.

अशी इंटर्नशिप राज्यातल्या प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात असावी, असं माझं ठाम मत आहे. मात्र विद्यार्थ्याचं काम उपचाराचं नसावं. रुग्णालयातली ती एक खेप पार पडावी, एवढंच त्याचं काम असावं: वाट पाहणं सुसह्य करणं, तपासणीची तयारी करून घेणं आणि कागदपत्रं मार्गी लावणं. हे काम कमी दर्जाचं वाटेल, पण कित्येक मुलांचे उपचार इथेच अडतात. मूल ओपीडीच्या दारातून आतच आलं नाही, रक्त देता आलं नाही, श्रवणचाचणीच्या टेबलावर झोपलं नाही, तर पुढचं निदान आणि थेरपी कागदावरच राहते.

थेरपी का नको, याचं पहिलं कारण कायद्यात आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्याची वेगळी परिषद आहे. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘तू जरा याचं सेशन घे’ म्हणणाऱ्या विभागप्रमुखाने हे लक्षात ठेवायला हवं. दुसरं कारण मुलाच्या बाजूचं आहे. थेरपीची उद्दिष्टं काही महिने धरून ठेवावी लागतात, आणि दर महिन्याला नवा चेहरा आला की मूल पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. पालक मात्र समजतात की थेरपी सुरू आहे. दुसरीकडे कुठे नाव नोंदवावं, हे त्यांच्या मनातही येत नाही.

आयसा ही भारतात ऑटिझमच्या मूल्यमापनासाठी वापरली जाणारी मोजपट्टी घ्या. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. ७० किंवा जास्त गुणांना ऑटिझम धरतात, १०६पर्यंत सौम्य, १५३पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र याच आधारावर मिळतं. फॉर्म समोर असला की तो भरणं सोपं वाटतं आणि गर्दीच्या दिवशी रेसिडेंट डॉक्टर तो विद्यार्थ्याकडे सरकवतात. हे होता कामा नये. त्याऐवजी विद्यार्थी आईला आठवायला मदत करू शकतो. आत गेल्यावर ‘डोळ्यात बघतो का?’ असं विचारलं की बहुतेक आया ‘हो’ म्हणतात, कारण मूल त्यांच्याकडे बघतं. तेच बाहेर बाकावर बसून विचारावं: दुकानात अनोळखी माणसाने हाक मारली तर काय करतो? पाणी हवं असेल तर कसं सांगतो, बोट दाखवतो की तुमचा हात धरून माठापाशी नेतो? उत्तरं आईच्याच शब्दांत अर्ध्या पानावर लिहून द्यावीत. अर्थ लावायचा तो डॉक्टरांनी आणि सायकॉलॉजिस्टनी.

खेपेची तयारी म्हणजे काय, ते रक्ततपासणीच्या उदाहरणावरून पाहू, कारण सगळ्यात जास्त खेपा तिथे वाया जातात. आठवडाभर आधी विद्यार्थ्याने पर्यवेक्षकासोबत जाऊन रक्त घेण्याच्या रिकाम्या खोलीचे फोटो काढावेत: दार, खुर्ची, दंडाला बांधायचा पट्टा, कापूस, बाहेर पडायचा रस्ता. फोटोत एकही रुग्ण नको. ए-फोर कागदावर चार-चार छापून पुठ्ठ्यावर चिकटवले की पाच-सहा कार्डांचा संच होतो आणि तो शंभर मुलांना चालतो. इंटरनेटवरची चकचकीत चित्रं इथे कामाची नाहीत. चित्रातली खुर्ची निळी आणि खोलीतली काळी असली की काही मुलांच्या लेखी ती जागाच वेगळी असते. आईने रोज दोनदा कार्डं क्रमाने दाखवावीत, दंडाला ओढणीचा तुकडा बांधून दहापर्यंत मोजावं आणि सोडावं. बस, एवढंच. सुईचा खोटा खेळ घरी नको.

त्या दिवशी डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर त्वचा बधिर करणारं मलम दोन्ही कोपरांच्या खळगीत लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवतात. त्याला किमान तासभर द्यावा लागतो. अर्ध्या तासात सुई टोचली तर मलम लावलं न लावलं सारखंच. ज्या मुलाला अंगाला चिकटलेली कोणतीही गोष्ट सहन होत नाही, त्याला ती पट्टीच सुईपेक्षा जास्त त्रास देते, म्हणून आदल्या दिवशी घरी साधी चिकटपट्टी लावून पाहायला सांगावं. मुलाचा नंबर पहिला लावून घ्यावा. रक्त घेणाऱ्या सिस्टरना किंवा तंत्रज्ञांना आधीच एक विनंती करावी: ‘काही नाही, मुंगी चावेल’ असं म्हणू नका. शब्दाचा शब्दशः अर्थ घेणारं मूल मुंगी शोधायला लागतं आणि हात हलतो. त्याऐवजी म्हणा, ‘सुई टोचणार आहे. दुखेल. दहा आकडे झाले की संपेल.’ आणि दहा आकडे खरोखर दहाच असावेत. दोनदा प्रयत्न करून जमलं नाही आणि तातडी नसेल तर थांबायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील. मुलाचे हातपाय धरणं विद्यार्थ्याचं काम कधीच नाही. ज्या ताईने किंवा दादाने धरून ठेवलं, त्यांच्याजवळ ते मूल पुन्हा येत नाही.

श्रवणचाचणीची गोष्ट वेगळी. बोलणं उशिरा आलेल्या प्रत्येक मुलाची ऐकण्याची तपासणी आधी व्हावी लागते, आणि बेरा ही चाचणी मूल झोपेत असताना करतात. पालकांना सांगितलं जातं, ‘रात्री जागवून आणा.’ पालक जागवतातही. पण पालघरहून किंवा कर्जतहून लोकलने येताना मूल गाडीच्या लयीत दीड तास गाढ झोपतं आणि टेबलावर टक्क जागं असतं. तारीख गेली, पुढची महिन्याने. इथे ओपीडीच्या फोनवरून आदल्या दिवशी केलेला दोन मिनिटांचा फोन कामाला येतो: किती वाजता उठवायचं, प्रवासात कसं जागं ठेवायचं, सोबत दुसरं कोण येणार, नेहमीची चादर आणायची का. झोपेचं औषध द्यायचं असेल तर काय खाऊ-पिऊ द्यायचं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं.

खाण्यावरून आणखी एक धडा. दाताचं काम अनेक मुलांना पूर्ण भूल देऊनच करावं लागतं. भुलीआधी साधारणपणे घन आहार आणि दूध सहा तास बंद, साधं पाणी दोन तास बंद. रडणाऱ्या मुलाला पाहून विद्यार्थ्याच्या पोटात कालवतं आणि तो पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढतो. एका बिस्किटाने शस्त्रक्रिया रद्द होते, आणि ती तारीख मिळायला त्या घराने तीन महिने काढलेले असतात. म्हणून नियम एकच आणि बिनशर्त: रुग्णालयाच्या आवारात विद्यार्थी कुणालाही काहीही खायला देणार नाही. चॉकलेटही नाही, बक्षीस म्हणूनही नाही. काही मुलांना अपस्माराची औषधं सुरू असतात, काहींचा आहार ठरवून दिलेला असतो, काहींना एखादा पोत तोंडात गेला की उलटी होते.

वाट पाहण्याची जागा हा या सगळ्याचा गाभा आहे. सरकारी ओपीडीत केसपेपरची रांग, मग नंबर, मग वजन-उंची, मग डॉक्टर, मग औषधाची खिडकी. वर ट्यूबलाइट गुणगुणते, स्पीकरवर नावं पुकारली जातात, फिनेलचा वास असतो, स्ट्रेचर धडधडत जातं. ज्याला आवाज दुखतो त्याच्यासाठी हे चार तास म्हणजे शिक्षाच असते. आणि आई? तिला स्वच्छतागृहातसुद्धा जाता येत नाही, कारण मूल हात सुटताच निसटतं. विद्यार्थी इथे काय करू शकतो? मुलाच्या आणि दाराच्या मधली जागा घेऊन बसू शकतो. रांगेत उभा राहून आईला मुलासोबत बाहेरच्या व्हरांड्यात फिरायला मोकळं करू शकतो आणि दोन नंबर उरले की बोलावू शकतो. बरोबर आलेल्या धाकट्या भावंडाला सांभाळू शकतो. आई दहा मिनिटं उठून जाणार असेल तर मुलाजवळ बसू शकतो, पण सिस्टरच्या किंवा मावशींच्या नजरेसमोर, बंद खोलीत एकट्याने कधीही नाही. हा नियम मुलाच्या सुरक्षिततेसाठी आहे तितकाच विद्यार्थ्याच्याही. कपड्यांबद्दलही सांगून ठेवावं लागतं: अत्तर नको, वाजणाऱ्या बांगड्या नकोत, लोंबती ओढणी किंवा आयकार्डची दोरी नको, फोन सायलेंटवर.

बोलताना विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे शांतता भरून काढणं. एक प्रश्न विचारतात, दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतात. मुलासाठी तो आता नवा प्रश्न असतो आणि पहिल्याचं उत्तर अर्ध्यावर राहतं. एक छोटं वाक्य बोलावं, मग मनात दहा मोजावेत. उत्तर नाही आलं तर तेच वाक्य, तसंच. जे बोलत नाहीत त्यांच्यापैकी काही जण चित्रांच्या वहीने किंवा टॅबवरून सांगतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे मोफत अ‍ॅप मराठीतही आहे. अशा मुलाच्या हातातला टॅब ‘मोबाइल बंद कर’ म्हणून काढून घेणारे कर्मचारी असतात. तो त्याचा आवाज आहे, हे त्यांना नम्रपणे सांगणं विद्यार्थ्याला जमलं तरी त्या दिवसाचं काम झालं म्हणायचं.

मोठ्या माणसांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ऑटिझम म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाच वर्षांचं मूल येतं. मूल मोठं होतं, बालरोग विभागाचं दार बंद होतं आणि कुटुंब मानसोपचार विभागाच्या रांगेत येतं. तिथे वीस वर्षांच्या विद्यार्थ्यासमोर वीस वर्षांचा रुग्ण बसलेला असतो. त्याच्याशी बोबडं बोलायचं नाही, गालाला हात लावायचा नाही, त्याच्या देखत आईला ‘हा जेवतो का नीट?’ विचारायचं नाही. आधी त्याला विचारायचं, थांबायचं, मग आईकडे वळायचं. नावाने हाक मारू का, हेही त्यालाच विचारायचं. आईच्या बाबतीतही हेच. रुग्णालयात प्रत्येक बाई ‘ओ आई, इकडे या’ होऊन जाते. केसपेपरवर तिचं नाव असतं, ते वाचून पुढे ताई लावायला काही वेळ लागत नाही.

कागदपत्रांचं काम मात्र विद्यार्थी उत्तम करतात, बहुतेकदा कर्मचाऱ्यांपेक्षा सरस. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानतो आणि त्यात ऑटिझम आहे. त्याआधीपासून १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातही आहे. तरीही यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा, अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व, या तीन गोष्टी एकाच कुटुंबाला एकाच वेळी कुणी समजावून सांगितल्याचं क्वचितच दिसतं. निरामयमध्ये वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. त्यात नियमित थेरपी आणि ओपीडीचा खर्चही धरतात आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. पण दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि मूळ बिलं नसतील तर दावा बसत नाही. थेरपीचं बिल नाव, तारीख, शिक्का यांसह मागून घ्यायची सवय लावणं, एक फाइल करून देणं, नूतनीकरणाची तारीख केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिणं, हे विद्यार्थ्याचं काम. पालकत्वाचंही तसंच. मूल अठराचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज द्यावा लागतो. बँकेत खातं अडलं की मगच हे कळतं, म्हणून सतराव्या वर्षीच सांगायला हवं.

यूडीआयडीचे अर्ज अनेकदा या कारणाने अडतात: आधारवर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरं. ते आधी दुरुस्त करायचं. आधारचंही एक लचांड आहे. पाचव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पहिल्यांदा द्यावी लागते, पंधराव्या वर्षी पुन्हा, आणि यंत्राला डोळा लावून स्थिर बसणं हे या मुलांसाठी रक्त देण्याइतकंच अवघड. इथेही फोटो-कार्डांची तीच युक्ती चालते, आणि नाहीच जमलं तर बायोमेट्रिक अपवादाची तरतूद आहे हे केंद्रावर सांगता येतं. कार्ड आलं की त्यावरची टक्केवारी आणि मुदत पाहायची. बहुतेक सवलतींची रेषा ४० टक्क्यांवर आहे. तात्पुरतं प्रमाणपत्र असेल तर मुदत संपण्याच्या काही महिने आधीच पुढची तारीख घ्यायची.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप असा की सरकारला फुकटचे हात मिळाले की ते पदं भरणार नाही. वैद्यकीय समाजसेवकाचं पद रिकामं आहे, चार विद्यार्थी आले, काम चाललं, मग भरतीची फाइल कशाला पुढे सरकवायची? ही भीती खरी आहे आणि तिला उत्तर करारातच द्यायला हवं. महाविद्यालय आणि रुग्णालय यांच्यातल्या करारात स्पष्ट लिहावं की विभागात पूर्ण वेळ, पगारी, नोंदणीकृत पर्यवेक्षक असेल तरच विद्यार्थी येतील, एका पर्यवेक्षकामागे चारच येतील, आणि पद रिकामं झालं तर पुढची तुकडी येणार नाही. विद्यार्थी थांबले की ओपीडीत त्रास जाणवेल आणि पदासाठी दबाव तिथूनच तयार होईल. पर्यवेक्षकाविना इंटर्नशिप सुरू करण्यापेक्षा न केलेली बरी. यात मधला मार्ग मला तरी दिसत नाही.

विद्यार्थ्यालाही काही मिळालं पाहिजे. निदान पास आणि जेवणाचा खर्च तरी, नाहीतर ज्यांना परवडतं तेच येतील आणि गोवंडी, भांडुप, हडपसरच्या कुटुंबांची भाषा ज्यांना घरातूनच येते ते विद्यार्थी बाहेर राहतील. राज्याने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरवलं. ती योजना वेगळ्या गटासाठी आहे, पण शिकणाऱ्या माणसाच्या कामाला मोल असतं हे तत्त्व तिने मान्य केलं आहे. मग आठवड्यातून एक दिवस रुग्णालयात येणाऱ्याला प्रवासखर्च द्यायला अडचण नसावी.

दुसरा आक्षेप मुलांना लळा लागून तुटण्याचा. याचं उत्तर वेळापत्रकात आहे. १२० तास सलग चार आठवड्यांत संपवायची पद्धत आधी बंद करायला हवी. बालविकास ओपीडी बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून एकदाच असते आणि कुटुंब महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येतं. चार आठवड्यांत विद्यार्थ्याला एकच कुटुंब दुसऱ्यांदा भेटणं अवघड. त्यापेक्षा १६ तास प्रशिक्षण, ९ तास नुसतं निरीक्षण, मग आठवड्याला ४ तासांच्या २० ओपीडी, आणि प्रत्येक ओपीडीनंतर पाऊण तास पर्यवेक्षकासोबत बसणं, असं केलं की १२० तास भरतात. एका ओपीडीत एका विद्यार्थ्याकडे दोनच कुटुंबं. अडचण अशी की २० आठवडे एका सत्रात मावत नाहीत आणि परीक्षा विभागाला गुण सत्राअखेरीस हवे असतात. समाजकार्य महाविद्यालयांनी हा गुंता फार पूर्वी सोडवला आहे. तिथे आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्य वर्षभर चालतं आणि वर्ग त्याभोवती बसवले जातात. बाकीच्या विभागांनी तोच साचा घ्यावा. नवी तुकडी जुनी जाण्याच्या दोन आठवडे आधी यावी, जुन्या विद्यार्थ्याने नव्याची ओळख करून द्यावी, आणि ‘ही ताई आजपासून येणार नाही, हा दादा येईल’ हे मुलाला फोटोसकट दोन खेपा आधीच सांगावं. अचानक नाहीसं होणं हेच मुलांना सर्वांत जास्त त्रास देतं.

तिसरा मुद्दा गोपनीयतेचा, आणि त्यात तडजोड नको. मुलाचा फोटो नाही, व्हिडिओ नाही, नाव लपवून लिहिलेली भावुक पोस्टही नाही. अहवालात वय, तालुका, शाळा आणि आजार एकत्र लिहिले की गावातला कुणीही मूल ओळखतो, म्हणून केसस्टडीत यातल्या दोन गोष्टी तरी काढायच्या. पालकांना स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही. रात्री अकरा वाजता आलेल्या फोनला विद्यार्थ्याकडे उत्तर नसतं, आणि तो उचलला नाही तर पालकांचा विश्वास जातो. मात्र एका बाबतीत गप्प राहायचं नाही: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, विद्यार्थ्यावरही. न बोलणारं मूल हे सांगू शकत नाही, म्हणून अंगावरचे वळ किंवा अचानक बदललेलं वागणं दिसलं की त्याच दिवशी, त्याच तासाला पर्यवेक्षकाला सांगायचं आणि तक्रार गेली की नाही याची खात्री करायची.

आणि खोटी आशा दाखवायची नाही. ‘नक्की बोलायला लागेल बघा’ हे वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडून सहज येतं, आणि आई ते वर्षानुवर्षं धरून ठेवते. पालक बाकावर बसून विचारतात: अमुक ठिकाणी स्टेम सेल करतात, जमीन विकू का? विद्यार्थ्याने सल्ला द्यायचा नाही, पण माहिती डॉक्टरांपर्यंत त्याच दिवशी पोहोचवायची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं स्पष्ट केलं आहे. हे डॉक्टरांनी तोंडाने सांगितलं पाहिजे, आणि विद्यार्थ्याने तो संवाद घडवून आणला पाहिजे. एका कुटुंबाची जमीन त्यावर अवलंबून असते.

प्रशिक्षणाच्या १६ तासांतले चार तरी ऑटिझम असलेल्या प्रौढांनी आणि पालकांनी घ्यावेत, मानधन घेऊन. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन या १८ वर्षांच्या मुलाला २०१६ मध्ये त्याच्या आणि आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध मनोविकारावरचं औषध दिलं गेलं आणि तो दगावला. त्यानंतर तिथे २०२२च्या कायद्याने आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांना ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्याच्या नावाने चालणाऱ्या त्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्यांमध्ये ऑटिझम असलेली माणसं असतात. आपल्याकडे अशी माणसं नाहीत असं नाही. त्यांना कुणी बोलावत नाही, एवढंच. इंटर्न म्हणून निवडतानाही त्यांना वगळू नये. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत, म्हणजे असे विद्यार्थी वर्गात आहेत. ओपीडीतला गोंगाट कुठे असह्य होतो, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

राहता राहिलं मूल्यमापन. सध्या विद्यार्थ्याच्या फाइलची जाडी मोजली जाते. त्याऐवजी विभागाने महिनाअखेर चार आकडे फळ्यावर लिहावेत: किती कुटुंबं डॉक्टरांना न भेटता परत गेली, ठरलेल्या किती तपासण्या त्याच दिवशी झाल्या, किती यूडीआयडी अर्ज कशासाठी अडले, किती जणांचं निरामय नूतनीकरण चुकलं. तुकडी येण्याच्या आधीचे दोन महिने हेच आकडे नुसते लिहून ठेवावेत, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? पालकांचं मत घ्यायचं ते विद्यार्थ्याच्या किंवा पर्यवेक्षकाच्या समोर नाही. पालक संघटनेच्या एखाद्या प्रतिनिधीने, दर तीन महिन्यांनी, फोनवर. कोणत्या विद्यार्थ्याला बदलावं हे सांगण्याचा अधिकार त्या प्रतिनिधीला करारातच लिहून द्यावा, आणि तो वापरला गेला म्हणून मुलाची पुढची तारीख लांबणार नाही, हेही त्याच पानावर लिहावं.